दोन बेटे की एक? अकरा दिवसांच्या रजेचा हिशेब

सोलापुरातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्याचा सारांश असा : ‘मी महाविद्यालयात शिकवते, यजमान बँकेत आहेत आणि मुलगी सहा वर्षांची आहे. भाऊबीज आटोपल्यावर येणाऱ्या शनिवारी घर सोडायचे आणि त्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी रात्रीपर्यंत परतायचे, अशी अकरा दिवसांची रजा मोठ्या मुश्किलीने जुळली आहे. न्यूझीलंडला जाऊन स्वतः गाडी चालवत फिरायचे, हे यजमानांचे जुने स्वप्न आहे. जाण्यायेण्याचा एकेक दिवस सोडून त्यांनी नऊ दिवसांचा मार्ग आखला आहे : ऑकलंड, रोटोरुआ, वेलिंग्टन, तेथून बोटीने पिक्टन, मग हिमनदीजवळचे फ्रान्झ जोसेफ, क्वीन्सटाउन, एका दिवसात मिलफर्ड साउंडला (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीकडे) जाऊन परत, आणि शेवटी ख्राइस्टचर्च. इतका खर्च करून इतक्या लांब जायचे तर दोन्ही बेटे पाहूनच यावे, असे ते म्हणतात. सोलापूर-पुणे ते एका दमात जातात, त्यामुळे त्यांना यात अवघड काही वाटत नाही. मला मात्र तो कागद पाहूनच थकल्यासारखे होते. मलाही गाडी येते, पण महामार्गाची सवय नाही. मी उगाच घाबरते आहे, की योजनेतच काही चुकते आहे?’

ताई, तुम्ही उगाच घाबरत नाही. योजनेतच चुकते आहे, आणि नेमके कोठे ते तुमच्या यजमानांसमोर कागदावर मांडता यावे, अशा बेताने मी हे उत्तर लिहितो आहे.

आपल्या सोलापूरकरांना हा विषय समजावून सांगणे तसे सोपे आहे, कारण आपल्याकडे मुंबईचे पाहुणे येतात तेव्हा हाच प्रसंग उलट्या बाजूने आपल्यावर येतो. शनिवारी दुपारी उतरायचे, रविवारी रात्रीची गाडी पकडायची आणि तेवढ्यात तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर आणि पंढरपूर करायचे, असे ते सांगतात. नकाशावर त्यांचे म्हणणे खोटेही नसते. तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर, अक्कलकोट चाळीस, पंढरपूर सत्तर-बहात्तर. पण तुळजापूरच्या रांगेला किती वेळ लागेल, जेवण कोठे होईल, बरोबरच्या आजींना पायऱ्या चढायला किती वेळ लागेल, हे नकाशात नसते. शेवटी पंढरपुरात पदस्पर्श दर्शनाची रांग पाहून ते मुखदर्शन घेतात आणि गाडीसाठी धावत सुटतात. अशा पाहुण्यांना आपण काय सांगतो? ‘या खेपेला दोनच ठिकाणे करा, पण नीट करा,’ असे. तुमच्या यजमानांनीही पाहुण्यांना हेच सांगितले असेल. परदेशात निघताना आपणच ते पाहुणे असतो, एवढेच त्यांच्या लक्षात आणून द्यायचे आहे.

आधी दिवस मोजू. शनिवारी सकाळच्या वंदे भारतने निघालात तर दुपारी मुंबईत पोहोचाल आणि रात्रीचे विमान घ्याल. मुंबईहून न्यूझीलंडला जाण्यासाठी वाटेत विमान बदलावे लागते. सिंगापूरमार्गे गेलात तर मुंबई-सिंगापूर साडेपाच तासांच्या आसपास, मध्ये थांबण्याचा वेळ, आणि पुढे ख्राइस्टचर्चपर्यंत सुमारे दहा तास लागतात. नोव्हेंबरमध्ये तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असते, म्हणून तेवढा वेळ जाताना आणखी कापला जातो. थोडक्यात, तुम्ही सोमवारी सकाळी तेथे उतराल असे धरावे. परतताना सोमवारी सकाळी निघालात तर घड्याळ तुमच्या बाजूने असते आणि मध्यरात्रीच्या आसपास मुंबईत पोहोचता येते. मंगळवार सोलापूरला येण्यात जातो. म्हणजे अकरा दिवसांतून तुमच्या हाती मंगळवार ते रविवार असे सहा पूर्ण दिवस आणि पहिल्या सोमवारचा अर्धा दिवस राहतो. यजमानांनी जे नऊ दिवस धरले आहेत त्यातील अडीच दिवस मुळात अस्तित्वातच नाहीत, आणि माझ्या मते सगळी गफलत येथून सुरू झाली आहे. रजेचे दिवस आणि फिरण्याचे दिवस एकच समजण्याची चूक अनुभवी प्रवाशांकडूनही होते.

आता अंतरे. ऑकलंड ते रोटोरुआ सुमारे २३० किलोमीटर, रोटोरुआ ते वेलिंग्टन ४५०, पिक्टन ते फ्रान्झ जोसेफ पाचशेच्या वर, तेथून क्वीन्सटाउन साधारण ३५५, क्वीन्सटाउन ते मिलफर्ड एका बाजूने २८८ आणि तेवढेच परत, आणि क्वीन्सटाउन ते ख्राइस्टचर्च ४८०. बेरीज सुमारे २,६०० किलोमीटर होते. सोलापूर-पुणे दहा वेळा केल्यावरही हे अंतर पुरे होत नाही. तासांत सांगायचे तर नुसते चाक फिरण्याचे पस्तीस-छत्तीस तास, आणि त्यात कुक सामुद्रधुनी ओलांडणाऱ्या बोटीचे साडेतीन तास व बोटीवर गाडी चढवण्यासाठी आधी हजर राहण्याचा तासभर मिळवला की चाळीस तास होतात. साडेसहा दिवसांत चाळीस तास म्हणजे रोजचे सहा तासांहून अधिक. जेवण, पेट्रोल, मुलीला थांबून मोकळे करणे, खोली सोडणे आणि नव्या खोलीत सामान लावणे हे सगळे त्यावर. आणि ज्यासाठी गेलो ते पाहणे सगळ्यात शेवटी.

यजमान येथे म्हणतील की सहा तास गाडी चालवणे मला जड नाही. त्यांचे खरे आहे, पण ते ज्या रस्त्याच्या भरवशावर बोलतात तो पुणे-हैदराबाद चौपदरी महामार्ग आहे. न्यूझीलंडमधील बहुतेक महामार्ग दुपदरी आहेत, मध्ये दुभाजक नसतो, आणि डोंगराळ भागात वळणे एकामागून एक येतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी १०० किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे. वळणांवर पिवळ्या पाट्या त्याहून बराच कमी वेग सुचवतात आणि तो पाळलेलाच बरा. अनेक नद्यांवर एकपदरी पूल आहेत. ज्या बाजूच्या पाटीवर आपला बाण लहान आणि लाल असेल, त्या बाजूने थांबून समोरच्याला आधी जाऊ द्यायचे असते. चौकातल्या गोल बेटाशी उजवीकडून येणाऱ्याचा मान पहिला, आणि तो खरोखरच पाळला जातो. मागे गाड्या साचल्या तर जागा मिळताच डावीकडे थांबून त्यांना पुढे सोडायचे, ही तेथील रीत आहे. आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक आहे, ही मोठीच सोय. पण मोबाइलचा नकाशा जो वेळ दाखवतो तो त्या रस्त्यांची सवय असलेल्या आणि कोठेही न थांबणाऱ्या माणसाचा असतो. नवख्याने त्यात निदान चौथा हिस्सा मिळवावा. म्हणजे रोजचे सहा तास प्रत्यक्षात आठ होतात.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की उत्तर बेट या खेपेला सोडून द्यावे. ऑकलंड, रोटोरुआ, वेलिंग्टन आणि बोट हे सगळे एकदम गळले की उरलेली सहल आपोआप माणसात येते. दक्षिण बेटावरही पश्चिम किनारा आणि फ्रान्झ जोसेफ सोडावेत. ते सोडताना मलाही वाईट वाटते, पण तो वळसा सहा दिवसांत बसत नाही.

उरलेला मार्ग मी असा बांधला आहे. सोमवारी ख्राइस्टचर्चला उतरलात की त्या दिवशी गाडी मुळीच ताब्यात घेऊ नका. याबाबतीत मी फार आग्रही आहे, आणि त्याचे कारण घड्याळात आहे : तेथे सकाळचे अकरा वाजलेले असतात तेव्हा तुमच्या शरीरात पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. विमानात रात्र काढलेल्या माणसाने त्या वेळी अनोळखी रस्त्यावर गाडी हाकणे म्हणजे रात्रभर जागून पहाटे घाट उतरण्यासारखे आहे. शहरात राहा, बागेत फिरा, मुलीला पाय मोकळे करू द्या आणि अंधार पडेपर्यंत झोप रोखून धरा. मंगळवारी उशिरा गाडी घ्यावी आणि टेकापो हे सरोवराकाठचे गाव गाठावे. सुमारे २३० किलोमीटर, तीन तास. तेथे दोन रात्री. बुधवारी सामान खोलीतच ठेवून पुकाकी सरोवराच्या काठाने आओराकी म्हणजे माउंट कुकच्या पायथ्याशी जावे. एका बाजूने १०५ किलोमीटर आहे. ३,७२४ मीटर उंचीचा हा न्यूझीलंडमधील सर्वांत उंच पर्वत, आणि एव्हरेस्टच्या आधी एडमंड हिलरी याच डोंगरांत तयार झाले. गुरुवारी लिंडिस खिंडीतून क्वीन्सटाउन, अडीचशे किलोमीटरच्या थोडे वर, एक रात्र. शुक्रवारी ‘ते अनाऊ’ या नावाचे गाव, १७० किलोमीटर, आणि तेथे पुन्हा दोन रात्री. शनिवारी मिलफर्ड. रविवारी सावकाश क्वीन्सटाउनला परत, गाडी तेथेच सोडायची, आणि सोमवारी सकाळी तेथूनच विमानाने ऑकलंडमार्गे घरी. क्वीन्सटाउनहून ख्राइस्टचर्चला परतण्याचे ४८० किलोमीटर त्यामुळे वाचतात. गाडी दुसऱ्या गावी सोडण्याचे जास्तीचे भाडे बहुधा लागते. ते द्यावे, कारण त्याच्या बदल्यात अख्खा एक दिवस मिळतो.

ही बेरीज सुमारे पावणेतेराशे किलोमीटर आणि सतरा तासांची आहे. मिलफर्डचा दिवस वगळता एका दिवसात साडेतीन तासांपेक्षा जास्त गाडी चालवावी लागत नाही, आणि तुम्हाला महामार्गाची सवय करून घ्यायची असेल तर टेकापोच्या परिसरातील सरळ, मोकळा रस्ता त्यासाठी उत्तम आहे. भाड्याच्या करारात दुसरी चालक म्हणून तुमचे नाव जरूर घाला.

मिलफर्डसाठी ते अनाऊला दोन रात्री कशाला, असा प्रश्न येईल, आणि त्याचे उत्तर मी स्वतःच्या अनुभवातून देतो. काही वर्षांपूर्वी मीही क्वीन्सटाउनहून एका दिवसात जाऊन यायचे ठरवले होते. पहाटे निघालो. ते अनाऊच्या पुढे गेल्यावर कळले की रात्रीच्या पावसाने रस्ता बंद झाला आहे आणि तो कधी उघडेल ते सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी परतीचे विमान होते. तीन तास वाट पाहून आम्ही मागे फिरलो. माझ्या आईला ते ठिकाण पाहायचे होते, आणि पुन्हा तिला तेथे नेणे मला जमले नाही. दोष पावसाचा नव्हता. मिलफर्डला वर्षाला सरासरी सहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्या जिल्ह्यात साधारण दहा वर्षांत मिळून पडेल तेवढा. अशा जागेसाठी मी एकही दिवस हातचा राखला नव्हता, हे माझे चुकले, आणि तुमच्या पत्रातील ‘एका दिवसात जाऊन परत’ हे शब्द वाचताना मला तीच सकाळ आठवली.

ते अनाऊहून मिलफर्ड १२० किलोमीटर, न थांबता दोन तास. तेथून निघालात तर क्वीन्सटाउनच्या बसगाड्या दुपारी येण्याआधीच सकाळच्या बोटीने फिरून होते. शनिवारी रस्ता बंद निघाला तर रविवारची सकाळ हाती उरते, कारण क्वीन्सटाउन तेथून दोनच तासांवर आहे. फक्त बोटीचे तिकीट दिवस बदलून मिळणारे घ्यावे. शनिवार रिकामा गेलाच तर ते अनाऊमध्येच अंधारात चमकणाऱ्या काजव्यांसारख्या अळ्यांच्या गुहा आहेत. सहा वर्षांच्या मुलीला कदाचित त्याच जास्त आवडतील. निघण्यापूर्वी गावातच रस्ता उघडा आहे का ते विचारावे आणि टाकी पूर्ण भरावी. पुढे बहुतेक वाटेवर मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवावा. वाटेत होमर बोगदा लागतो : १९३५ मध्ये सुरू झालेले काम १९५४ मध्ये वाहतुकीला खुले झाले, तेही जेमतेम सव्वा किलोमीटरच्या बोगद्यासाठी. त्या डोंगरांची कल्पना यावरून यावी. मे ते नोव्हेंबर या काळात या रस्त्यावर चाकांना लावायच्या साखळ्या जवळ ठेवाव्या लागू शकतात, म्हणून गाडी घेताना त्याची चौकशी करा.

यजमानांचा खर्चाचा मुद्दा मी बाजूला सारत नाही, कारण तो प्रामाणिक आहे. मध्यमवर्गीय घरातून असा प्रवास पुन्हा पुन्हा होत नाही. पण खर्च विमानात जास्त झाला आहे आणि तो दोन्ही योजनांत जवळपास तोच आहे. दोन बेटांच्या योजनेत त्यावर बोट, दुप्पट पेट्रोल आणि रोज नवी खोली यांचे पैसे चढतात, आणि त्या पैशांतून मिळते ते मुख्यतः गाडीच्या काचेतून दिसलेले कुरण. त्यांना एकच विचारा : टेकापोच्या काठावर दुपारभर बसायला मिळावे यासाठी जायचे आहे, की टेकापो लागला होता हे सांगता यावे यासाठी? त्यांचे स्वप्न गाडी चालवण्याचे आहे, आणि या मार्गात ते पुरेपूर आहे.

तयारीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी व्हिसा, आणि तो हाती येईपर्यंत खोल्या व गाडी रद्द करता येतील अशाच राखाव्यात. विमानाचा सगळा प्रवास, क्वीन्सटाउन-ऑकलंड टप्प्यासह, एकाच तिकिटावर असावा. मधले विमान उशिरा आले तर पुढची सोय करणे मग विमान कंपनीवर येते. ऑस्ट्रेलियामार्गे तिकीट स्वस्त दिसले तर भारतीय पासपोर्टवर तेथे नुसते विमान बदलण्यासाठीही ट्रान्झिट व्हिसा लागतो, हे विसरू नका.

तुमचा परवाना इंग्रजीत असेल तर न्यूझीलंडमध्ये तो चालतो, तरीही आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेणे शहाणपणाचे. फार खर्च येत नाही आणि काउंटरवरची चर्चा टळते. मूळ कार्ड मात्र सोबतच हवे, कारण गाडी चालवताना ते जवळ बाळगणे तेथे बंधनकारक आहे आणि मोबाइलमधील प्रत दाखवून भागत नाही. भाड्याच्या गाडीसाठी बहुतेक ठिकाणी मुख्य चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड मागतात आणि त्यावर अनामत रोखून ठेवतात. विम्यात ‘एक्सेस’ म्हणजे काय ते नीट वाचा : अपघात झाल्यास त्या रकमेपर्यंतचे नुकसान आपल्या खिशातून जाते, आणि ती रक्कम मोठी असू शकते. थोडे जास्त पैसे भरून ती कमी करून घ्यावी, असे माझे मत आहे. मुलीसाठी बालआसन आधीच नोंदवा. सात वर्षे पूर्ण होईपर्यंत ते कायद्याने सक्तीचे आहे आणि मांडीवर घेण्याचा प्रश्नच येत नाही.

दिवाळीनंतर निघणार आहात म्हणजे पिशवीत फराळ असणारच, शेंगा चटणी आणि कडक भाकरीही असेल. हे सारे तेथील प्रवेश-घोषणेत लिहा. न्यूझीलंडला आपल्या शेतीत बाहेरची कीड किंवा रोग येऊ द्यायचा नाही, म्हणून बी-बियाणे, मध, फळे, दुधाचे पदार्थ यांची तपासणी कडक असते. लिहिलेली वस्तू चालण्याजोगी नसेल तर ती ठेवून घेतात, दंड होत नाही. न लिहिलेली सापडली तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो, मग ते विसरलेले एक केळे का असेना. शेतात किंवा डोंगरात वापरलेले बूट असतील तर घासून, माती काढून न्यावेत. मोटेलच्या खोल्यांत बहुधा स्वयंपाकाची सोय असते, तेव्हा वरण-भाताचा प्रश्न रोज सुटेल.

टेकापोची एक गोष्ट राहिली. तो परिसर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय तारांकित आकाश राखीव क्षेत्र आहे आणि तेथे दिवे जाणीवपूर्वक मंद ठेवले जातात. तुम्ही शुद्ध पक्षात पोहोचणार, त्यामुळे संध्याकाळी आकाशात चंद्र असेल. तो मध्यरात्रीनंतर मावळेल. म्हणून गजर पहाटे पावणेतीनचा लावा. एरवी त्या वेळी मुलीला उठवणे अशक्य झाले असते, पण पहिल्या एक-दोन दिवसांत तिच्या शरीराला ते संध्याकाळचे सव्वासात वाटत असतील आणि कदाचित ती तुमच्या आधीच जागी असेल. गरम कपडे घाला, टॉर्च बंद ठेवा आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटे द्या.